दोन कंट्रोलर घेतले, तरी वाय-फाय बंद का पडलं?

ऑनलाइन परीक्षेच्या सरावाचा दिवस होता. संगणक कक्षात आणि वरच्या मजल्यावरच्या दोन वर्गांत मुलं-मुली पेपर उघडून बसली होती. सव्वादहाच्या सुमारास सगळ्यांच्या पडद्यावर एकदमच ती गोल फिरणारी खूण आली. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, नेट गेलं." मग दुसरी, मग सगळा वर्ग.

सदर साहेब ऑफिसातच होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, आपण तर दोन मशीन घेतल्या होत्या ना? एक बंद पडली तर दुसरी चालते असं सांगितलं होतं."

बरोबर होतं त्यांचं. दोन्ही मशीन, म्हणजे दोन्ही वाय-फाय कंट्रोलर, चालूच होते. दोन्हींवर हिरवे दिवे होते. बंद पडला होता तो त्यांच्या खालचा स्विच. आणि दोन्ही कंट्रोलरच्या केबल त्याच एका स्विचमध्ये खोचलेल्या होत्या. म्हणजे दावतीला दोन बावर्ची बोलावले, पण देग एकच!

सराव होता म्हणून निभावलं. खरी परीक्षा असती, किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असती, तर काय उत्तर दिलं असतं? आपल्या बहुतेक शिक्षणसंस्था लोकांच्या चंद्यावर उभ्या आहेत. तो पैसा अमानत आहे. म्हणून नेटवर्कचं हे गणित फक्त इंजिनिअरला नाही, तर विश्वस्त, शिक्षक आणि पालकांनाही थोडं कळायला हवं. सोप्या भाषेत समजावण्याचा हा प्रयत्न.

कंट्रोलर नेमका कशासाठी?

वर्गाच्या छताला किंवा भिंतीला जो पांढरा डबा लावलेला असतो, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. मोबाईल आणि लॅपटॉप त्याच्याशी हवेतून जोडले जातात. घरात असा एक डबा पुरतो. पण शाळा, ज्युनिअर कॉलेज, वसतिगृह असं सगळं एकाच आवारात असेल तर असे चाळीस-पन्नास डबे लागतात.

मग अडचणी सुरू होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. शेजारशेजारच्या डब्यांनी एकच चॅनेल घेतला तर दोघंही हळू होतात. पासवर्ड बदलायचा तर पन्नास ठिकाणी बदलावा लागतो. मूल एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलं तर जोडणी तुटते. ही सगळी कामं एका जागेवरून सांभाळणारं यंत्र म्हणजे वायरलेस कंट्रोलर.

डबे आणि कंट्रोलर एकमेकांशी कॅपवॅप नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. तिचा मानक २००९ साली प्रसिद्ध झाला. यात दोन वाटा असतात. हुकूम आणि खुशाली ५२४६ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवरून जाते, आणि मुलांचा प्रत्यक्ष डेटा ५२४७ वरून. नेहमीच्या केंद्रीय पद्धतीत प्रत्येक मोबाईलचा डेटा आधी डब्यातून कंट्रोलरकडे जातो आणि तिथून पुढे इंटरनेटकडे.

इथेच खरी मेख आहे. सगळं एका यंत्रातून जातं म्हटल्यावर ते यंत्र, किंवा ते यंत्र नेटवर्कला जोडणारी वाट, बंद पडली की पूर्ण आवार बंद. म्हणून राखीव व्यवस्था लागते. पण राखीव यंत्र वेगळं आणि राखीव वाट वेगळी. आपल्याकडे यंत्र दोन घेतात, वाट मात्र एकच ठेवतात.

पहिली पायरी: केबल

सर्वात आधी एकच कंट्रोलर धरू. तो स्विचला एका केबलने जोडला असेल तर उंदराने केबल कुरतडली की संपलं. म्हणून दोन केबल टाकतात आणि दोन्हींचा मिळून एक जुडगा करतात. याला लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. सिस्कोवाले इथरचॅनल म्हणतात. याचा मानक २००० साली आला. एक केबल गेली तर सगळा भार दुसरीवर जातो, आणि मुलांना सहसा काही कळत नाही.

इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली, दोन्ही टोकांची सेटिंग न जुळणे. जुडगा बांधायला दोन्ही बाजूंनी एकमेकांना विचारण्याची एक पद्धत आहे, तिला एलएसीपी म्हणतात. सिस्कोचे जुन्या एअरओएस प्रणालीवरचे कंट्रोलर ही भाषा बोलत नाहीत. तिथे स्विचवर जुडगा न विचारता, थेट चालू ठेवावा लागतो. नवीन कॅटलिस्ट ९८०० मालिकेला एलएसीपी येतं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी पद्धत ठेवली तर जुडगा नीट बांधलाच जात नाही.

दुसरी चूक व्हीलॅनची. एकाच केबलमधून ऑफिस, विद्यार्थी, वसतिगृह असे वेगवेगळे गट चालवतात, त्या प्रत्येक गटाला व्हीलॅन म्हणतात. जुडग्यातल्या सगळ्या पोर्टवर आणि राखीव कंट्रोलरच्या पोर्टवरही तेच सगळे व्हीलॅन चालू असायला हवेत. एक जरी राहून गेला तर दिवे हिरवेच दिसतात, पण राखीव वाटेवर गेल्याबरोबर फक्त वसतिगृहाचं नेट बंद. अशी चूक शोधायला भले भले दिवसभर डोकं खाजवतात.

तिसरी चूक अपेक्षेची. १ गिगाबिटच्या दोन केबल म्हणजे एका मुलाला २ गिगाबिटचा वेग, असं नाही. एका वेळचं एक संभाषण एकाच केबलवरून जातं. फायदा होतो तो अनेकांचा भार वाटला जाण्याचा.

दुसरी पायरी: स्विच

आता आमच्या चुकीकडे येऊ. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये असतील तर केबलपासून बचाव झाला, स्विचपासून नाही. म्हणून एक केबल एका मुख्य स्विचला आणि दुसरी दुसऱ्या मुख्य स्विचला द्यायची.

पण थांबा. कोणतेही दोन स्विच घेऊन अशा केबल टाकल्या तर उलटाच गोंधळ होतो. कंट्रोलर समजतो की समोर एकच स्विच आहे. इकडे दोन्ही स्विच स्वतंत्र. कंट्रोलरचा तोच पत्ता कधी या बाजूने दिसतो, कधी त्या बाजूने. स्विच बिचारे सारखे आपलं मत बदलत राहतात आणि पॅकेट हरवतात.

म्हणून ते दोन स्विच समोरच्याला एकच वाटतील अशी सोय करावी लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, दोघांना खास केबलने जोडून खरोखरच एक करणे. याला स्टॅक म्हणतात, आणि सिस्कोच्या मोठ्या स्विचमध्ये स्टॅकवाइज व्हर्च्युअल. यात सांभाळायला सोपं, पण डोकं एकच. सॉफ्टवेअर बदलताना दोन्ही एकदम बंद होऊ शकतात. दुसरा मार्ग एमलॅगचा. सिस्कोच्या नेक्सस स्विचमध्ये त्यालाच व्हीपीसी म्हणतात. यात दोन्ही स्विचचं डोकं वेगळं राहतं, फक्त जुडग्यापुरते ते एकत्र दिसतात. खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न एवढाच: "हे दोन स्विच मिळून एक जुडगा घेऊ शकतात का?" उत्तर नाही असेल तर दुसऱ्या स्विचचा या कामासाठी फारसा उपयोग नाही.

आणखी एक सावधगिरी. राखीव वाट हवी म्हणून कोणीही हातात केबल घेऊन कुठेही खोचायची नाही. नेटवर्कमध्ये गोल रस्ता तयार झाला की पॅकेट त्यात फिरत राहतात आणि पूर्ण आवार ठप्प होतं. हे टाळण्यासाठी स्पॅनिंग ट्री नावाची युक्ती आहे. रेडिया पर्लमन या संगणक शास्त्रज्ञ बाईंनी ती १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना तयार केली. जादा रस्ता ती झोपवून ठेवते आणि गरज पडली की जागा करते. स्विचवर ती बंद करून ठेवलेली नाही ना, हे पाहून घ्या.

दोन मुख्य स्विच स्वतंत्र असतील तर आणखी एक गोष्ट लागते. प्रत्येक लॅपटॉपला बाहेर जाण्याचा एक दरवाजा, म्हणजे गेटवे, सांगितलेला असतो. तो दरवाजा एकाच स्विचवर असेल तर तो स्विच गेला की दरवाजा गेला. म्हणून दोन्ही स्विच मिळून एकच पत्ता वापरतात. एक काम करतो, दुसरा वाट पाहतो. या पद्धतीची नावं व्हीआरआरपी आणि एचएसआरपी. पहिली सर्व कंपन्यांसाठी खुली, दुसरी सिस्कोची.

तिसरी पायरी: दुसरा कंट्रोलर

वाटा पक्क्या झाल्या की मग दुसऱ्या कंट्रोलरचा विचार. त्याच्याही दोन पद्धती आहेत, आणि विकणारा बहुधा फरक सांगत नाही.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक डब्याला सांगून ठेवतात की तुझा पहिला कंट्रोलर हा, तो नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा. डबा ठरावीक वेळाने कंट्रोलरची खुशाली विचारतो. सिस्कोमध्ये हा वेळ मुळात ३० सेकंदांचा असतो, तो कमी करता येतो. उत्तर आलं नाही तर डबा पुन्हा पुन्हा विचारतो आणि मग दुसऱ्याकडे जातो. तोवर मुलांचं वाय-फाय तुटतं. मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. फायदा असा की दुसरा कंट्रोलर वेगळ्या इमारतीत ठेवता येतो आणि अनेक कंट्रोलरना मिळून एकच राखीव ठेवता येतो. तोटा असा की दोन्हीकडची सेटिंग सारखी ठेवायची जबाबदारी माणसाची.

दुसऱ्या पद्धतीत दोन कंट्रोलर जुळ्या भावांसारखे असतात. पत्ता एकच, सेटिंग एकच. काम एक करतो, दुसरा प्रत्येक डब्याची आणि प्रत्येक मोबाईलची नोंद क्षणोक्षणी उतरवून घेत बसतो. पहिला पडला की दुसरा त्याच पत्त्याने उभा राहतो. डबे तुटत नाहीत आणि मुलांना सहसा कळतही नाही. सिस्कोत याला एसएसओ म्हणतात. यासाठी दोन्ही यंत्रं एकाच मॉडेलची आणि एकाच सॉफ्टवेअर आवृत्तीची लागतात.

या जोडीची वायरिंग नीट समजून घ्या. प्रत्येक कंट्रोलरचा जुडगा वेगळा. दोघांच्या केबल मिळून एकच जुडगा करायचा नाही. आणि प्रत्येक जुडग्यातली एक केबल पहिल्या स्विचला, एक दुसऱ्या स्विचला. म्हणजे नेटवर्ककडे जाणाऱ्या किमान चार केबल. शिवाय दोन कंट्रोलर एकमेकांची खुशाली घेतात त्यासाठी त्यांच्यामध्ये एक वेगळी केबल.

ही मधली केबल नाजूक मामला आहे. ती तुटली तर राखीव कंट्रोलरला वाटेल की भाऊ गेला. तो स्वतः काम सुरू करेल. पण भाऊ तर जिवंत आहे! एकाच पत्त्यावर दोन कंट्रोलर, आणि डबे गोंधळात. म्हणून खुशालीचा दुसरा रस्ताही ठेवतात, तो नेटवर्कमधून जातो. शिवाय दोन्ही कंट्रोलर गेटवेला आवाज देऊन पाहतात की आपण स्वतःच तर एकटे पडलो नाही ना. बसवून देणाऱ्याला हे दोन्ही सुरू आहे का, ते विचारा.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. जुळ्या भावांच्या पद्धतीत तुम्ही चुकीची सेटिंग केली तर ती चूकही दुसऱ्या भावाकडे लगेच पोचते. यंत्र बिघडण्यावर हा इलाज आहे, माणसाच्या चुकीवर नाही. सेटिंगची प्रत वेगळी काढून ठेवलीच पाहिजे.

ज्याकडे कोणी पाहत नाही

वीज. दोन कंट्रोलर, दोन स्विच, आणि सगळ्यांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोठ्या यंत्रांना वीज घ्यायची दोन तोंडं असतात. एक तोंड एका यूपीएसला, दुसरं दुसऱ्या यूपीएसला, आणि जमलं तर दोन्ही यूपीएस वेगवेगळ्या एमसीबीवर.

छतावरचे डबे. त्यांना वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. २००३ च्या मानकाप्रमाणे स्विचचं एक पोर्ट १५.४ वॉटपर्यंत देतं, २००९ च्या मानकाप्रमाणे ३० वॉटपर्यंत. म्हणजे मजल्यावरचा स्विच गेला तर त्या मजल्याचे डबे विझतात, कंट्रोलर कितीही असोत. परीक्षेच्या हॉलमध्ये एक डबा एका स्विचवर आणि शेजारचा दुसऱ्या स्विचवर ठेवला तर निम्मे तरी जिवंत राहतात.

पत्ते वाटणारा सर्व्हर. मोबाईल जोडला गेला की त्याला आयपी पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर एकच असेल आणि तो बंद असेल, तर नवीन मुलाला नेट मिळत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं नाव-पासवर्ड दिलं असेल तर ते तपासणारा सर्व्हरही दोन हवेत.

आणि बाहेरची लाइन. दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, पण दोघांच्या फायबर एकाच खांबावरून, एकाच भोकातून आत येतात. जेसीबीला कंपनीचं नाव वाचता येत नाही.

राखीव व्यवस्था बिघाड लपवते

ही गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. एकच केबल असती आणि ती तुटली, तर पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं असतं. दोन असतात तेव्हा पहिली तुटली तरी काम चालूच राहतं, म्हणून कोणालाच कळत नाही. महिनोन्महिने आपण एका केबलवर चालतो आणि समजतो दोन आहेत. मग एक दिवस दुसरीही जाते. लोक म्हणतात, एवढा खर्च करून काय फायदा?

म्हणून पहिला बिघाड झाला की कोणाच्या तरी मोबाईलवर किंवा ईमेलवर सूचना आली पाहिजे. ही सोय कंट्रोलर आणि स्विचमध्ये असते, ती सुरू करावी लागते एवढंच. ज्याच्याकडे सूचना येईल त्याचं नाव ठरलेलं असावं. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही.

उपटून पाहा

बसवणाऱ्याने "सगळं ओके आहे" म्हटलं की सही करू नका. सुट्टीच्या दिवशी त्याला समोर उभं करा. दोन-तीन लॅपटॉपवर व्हिडिओ चालू ठेवा आणि एकेक गोष्ट बंद करत जा:

१. कंट्रोलरच्या जुडग्यातली एक केबल काढा. मग ती लावून दुसरी काढा.
२. पहिला मुख्य स्विच बंद करा. तो पूर्ण सुरू झाला की दुसरा बंद करा.
३. काम करणारा कंट्रोलर बंद करा. नेट किती सेकंद गेलं ते घड्याळात पाहा.
४. एक यूपीएस बंद करा.
५. प्रत्येक वेळी एक नवीन मोबाईल जोडून पाहा. आधीच जोडलेला चालतो म्हणजे नवीनही जोडला जाईल, असं नसतं.
६. प्रत्येक व्हीलॅनवर, म्हणजे ऑफिस, विद्यार्थी, वसतिगृह या सगळ्या वाय-फायवर, हेच तपासा.

निकाल तारखेसह कागदावर लिहा आणि बसवणाऱ्याची सही घ्या. दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या परीक्षेच्या आधी हे पुन्हा करा. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी. काही निघालं तर दुरुस्तीला वेळ हवा.

आणखी एक: पहिल्या पद्धतीत बिघडलेला कंट्रोलर परत आला की डबे आपोआप त्याच्याकडे परततात, आणि तेव्हाही वाय-फाय तुटतं. ही सेटिंग बंद ठेवून डबे रात्री परत पाठवलेले बरे.

प्रत्येकाला दोन कंट्रोलर हवेत का?

नाही. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. दहा-पंधरा डब्यांच्या शाळेने एवढा खर्च करू नये. डबे असे ठेवता येतात की मुलांचा डेटा कंट्रोलरकडे न जाता थेट जवळच्या स्विचवर उतरतो. सिस्कोत याला फ्लेक्सकनेक्ट म्हणतात. कंट्रोलर गेला तरी जोडलेली मुलं चालू राहतात, आणि एकाच पासवर्डचं साधं वाय-फाय असेल तर नवीनही जोडली जाऊ शकतात. अशा शाळेने आधी चांगला यूपीएस घ्यावा आणि एक जादा स्विच सेटिंग करून कपाटात ठेवावा. परीक्षेचे संगणक तर शक्य तिथे केबलनेच जोडावेत.

घरात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना हे वाचायला द्या. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात स्विच, जुडगा, एचएसआरपी आणि वायरलेस कंट्रोलर जोडून घरबसल्या सराव करता येतो. उद्या आपल्याच संस्थेत कोणी विकायला आलं, तर प्रश्न विचारणारा आपला माणूस असेल.

आमच्याकडे त्या दिवसानंतर नवीन काही मोठं घ्यावं लागलं नाही. दुसरा मुख्य स्विच आधीपासूनच होता, तोही जुडगा घेऊ शकणारा. फक्त केबल तिकडे नेलेल्या नव्हत्या. दोन केबल, दोन पोर्टची सेटिंग आणि रविवारची एक दुपार. त्या रविवारी सदर साहेबांनी स्वतःच्या हाताने पहिल्या स्विचचा प्लग काढला आणि लॅपटॉपकडे पाहत उभे राहिले. व्हिडिओ क्षणभर अडखळला आणि पुढे चालू लागला.

तुमच्या संस्थेतला प्लग अजून कोणी काढून पाहिला नसेल, तर तुमच्याकडे राखीव व्यवस्था आहे असं समजू नका.